तुटक रेघ

काटोल नाक्यावरून सकाळची पहिली एसटी.
खिडकी लागत नाही, फटीत कुणाचा तरी मफलर कोंबलेला.
हेडाऊंच्या मांडीवर पत्र्याचं नळकांडं,
आत गावाचा नकाशा, कापडावर चिकटवलेला,
एकेकाळी सरकारचा, आता कुणाचाच नाही.

एकोणतीस वर्षं त्यांनी जमीन मोजली.
मी नुसती चालायला आले आहे.
गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, रोज तीन किलोमीटर;
कॉलनीच्या बागेत गोल गोल फिरून
मला समोर माझीच पाठ दिसू लागली होती.

फाट्यावर उतरलो. तूर पिवळी. धुकं कंबरेपर्यंत.
"दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट," हेडाऊ म्हणतात,
"एकच असली की पायवाट. सव्वाआठ फूट."
आणि त्या सव्वाआठ फुटांतून आम्ही निघतो,
ते नकाशात बघत, मी पायाखाली.

पांदणीत चाकोऱ्यांचा चिखल वाळून दगड झालेला,
दोन्ही बाजूंना बोरी, ओढणी सोडत नाहीत.
गाव आलं तसं गेलं:
शाळेच्या भिंतीवर तेराचा पाढा, त्यातला तेरा साते पुसलेला,
खोक्यांच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं,
हापशावर एक मुलगी, तिनं विचारलं,
"मोजाले आले काजी?"
हेडाऊ थांबले. म्हणाले, "नाही वं. चालाले."
हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं,
पुढे बराच वेळ ते स्वतःशी हसत होते.

मग बागा.
बोर्डो लावलेली खोडं, निळसर पांढरी,
जणू सगळी झाडं गुडघाभर मोजे घालून उभी.
आंबिया बहार लगडलेला, फांद्यांना बांबूचे टेके,
वास असा की बोलायचं सुचत नाही.
आणि नेमकं तिथं काटेरी तार.
रेघ तारेच्या आत जाते. आम्ही बाहेर.

"काय पाह्यता जी?"
सुलोचना रेवतकर, हातात कातर, डोक्याला टॉवेल.
हेडाऊंनी नकाशा उलगडला, बोट ठेवलं,
आणि त्यांचं बोट थोडं थरथरलं.
"इथं रस्ता होता. सत्त्याऐंशी साली मीच लिहिलं,
वहिवाटीत नाही. तुमच्या सासऱ्यांकडे चहा घेतला होता."

ती काही म्हणाली नाही. कातर कमरेला खोचली,
तार वर उचलली, "वाका," म्हणाली.

आत अठरा फुटांवर झाड, अठरा फुटांवर झाड,
सातव्या ओळीनंतर एकदम मोकळं.
हेडाऊंनी पावलं टाकली, ओठ हलत होते.
सव्वीस.
"मी नवी आली तवा इचारलं, हे ओळ अशी काऊन सोडली.
बुढा म्हणे, बायाइले नदीवर जाचं रायते."
मोकळ्या जागेत मधोमध
एका माणसाच्या रुंदीची माती, गुळगुळीत,
तिच्यावर गवताचं पातं नाही.

सव्वीसातून अठरा वजा करायला
मोजणीदार लागत नाही. मी केली वजाबाकी मनात.
त्यांनीही केली असणार.
मग दोघंही गप्प, आणि ती संत्री तोडत राहिली,
देठासकट, हिशोब न ठेवता, माझ्या पिशवीत.

उतार लागला. येनाची पानं, मोहाची पानं,
दगडावर कुणीतरी घासून ठेवलेला साबणाचा तुकडा.
जाम नदी तिथं फार मोठी नाही,
एवढ्या रस्त्याच्या शेवटी असावी तेवढीच.
पलीकडे एक पोरगा बकऱ्यांना पाणी पाजत होता.
हेडाऊंनी हाक मारली, "किती पानी हाय गा?"
त्यानं खाली वाकून स्वतःचे पाय पाहिले.
"माह्या घोट्याएवढं. तुमचं तुम्ही पाहा."

त्यांनी बूट काढले, लेस एकमेकींना बांधून गळ्यात घातले.
नळकांडं माझ्याकडे दिलं.
मला वाटलं होतं आता पेन्सिल काढतील,
रेघ पुन्हा नीट ओढतील.
त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली फक्त,
आणि पाण्यात उतरताना मागे न वळता म्हणाले,
"थंड आहे. या."